तोफ, तिचा गाडा आणि आमचा समुद्र

जंजिऱ्याचा जलदुर्ग पाहून परतलेल्या कोणाहि गृहस्थास तेथील हकीकत विचारावी, म्हणजे तो प्रथम कलालबांगडी तोफेचें वर्णन करूं लागतो. ती किती हात लांब, किती मण वजनाची, तिचा गोळा किती कोस जाई, या गोष्टी तो मोठ्या कौतुकानें सांगतो. समुद्रापासून शेंकडों मैल दूर असलेल्या आमच्या वरवट बकालच्या मुलुखांतहि निराळा प्रकार नाहीं. येथें कलालबांगडीच्या जागीं नरनाळ्यावरील नऊगजी तोफेचें नांव निघतें, एवढाच भेद. आकाराविषयींचें हें कौतुक स्वाभाविक आहे. परंतु तोफेचा इतिहास म्हणजे केवळ नळीचा इतिहास नव्हे. नळी ज्या गाड्यावर बसते तो गाडा, ती भरण्याची, फिरविण्याची व धक्क्यानंतर पुन्हा जागेवर आणण्याची यंत्ररचना, आणि ही रचना सुधारीत राहणारा कारखाना, यांकडे पाहिल्यावांचून आमच्या समुद्रावरील जयापजयांचा उलगडा होत नाहीं, असें आम्हांस वाटतें.

जुन्या तोफेंत दारू व गोळा दोन्ही तोंडाकडून भरीत. एक बार झाला कीं ओल्या बोळ्यानें नळी पुसून आंतील ठिणग्या विझवावयाच्या, दारूची थैली आंत लोटावयाची, गोळा ठोकून बसवावयाचा, कानांत रंजक घालावयाची, बुडाखालील पाचर पुढेंमागें करून तोंड उंच किंवा खालीं करावयाचें आणि मग बत्ती द्यावयाची. बार होतांच सारी तोफ मागें उसळे. जमिनीवर हा धक्का जिरवावयास जागा असते. जहाजावर ती नसते. म्हणून जहाजावरील गाड्यास चार बुटकीं चाकें असत व जाड दोरानें तो जहाजाच्या कुशीस बांधलेला असे. उसळलेली तोफ या दोरानें अडे, आणि ती भरून झाली म्हणजे गोलंदाज कप्प्यांच्या दोऱ्यांनीं तिला ओढून पुन्हा झरोक्याशीं नेत.

तटावरील तोफेची अडचण वेगळी होती. समोरचें जहाज चालतें असतें. त्याच्या मागोमाग तोफेचें तोंड वळलें पाहिजे. यासाठीं युरोपांत पुढें अशी बैठक निघाली कीं तिचें पुढचें टोंक एका खुंट्याभोंवतीं फिरावें व मागचीं चाकें कमानदार लोखंडी रुळावरून सरकावीं. अवजड तोफहि अशा बैठकीवर थोडीं माणसें वळवूं शकत. अशी सोय नसेल तर तीच तोफ म्हणजे एका दिशेकडे तोंड करून पडलेला धातूचा ओंडकाच होय.

या दृष्टीनें पाहतां आंग्र्यांच्या आरमाराची रचना फार विचारपूर्वक केलेली दिसते. ऑर्म या इंग्रज इतिहासकारानें तिचें जें वर्णन केलें आहे त्यावरून असें कळतें कीं, गुराबेच्या नाळेवर, पुढच्या बाजूस, नऊ ते बारा पौंडी गोळ्याच्या दोन तोफा असत व त्या थेट समोर मारा करीत. बाजूच्या तोफा सहा ते नऊ पौंडी. गलबतें त्याहून लहान. त्यांवर दोन ते चार पौंडी हलक्या तोफा व चाळीस-पन्नास वल्हीं. वारा पडला कीं ही गलबतें गुराबांना ओढून शत्रूच्या जहाजाच्या पिछाडीस नेत. युरोपीय जहाजाच्या बहुतेक तोफा त्याच्या दोन्ही कुशींत. पिछाडीकडे त्यांचा मारा पोंचत नसे. गुराबेच्या दोन मध्यम तोफा मात्र नेमक्या तिकडेच रोखलेल्या. डोलकाठ्या मोडून जहाज पांगळें झालें, म्हणजे गलबतांतील माणसें त्यावर चढत. येथें मोठी तोफ जिंकत नव्हती; तोफ, तिची जागा, जहाज आणि युद्धाची रीत यांचा मेळ जिंकत होता.

हा मेळ नसेल तर मोठ्या तोफा फुकट जातात, याचा अनुभव इंग्रजांसहि आला. मुंबईचा गव्हर्नर बून याच्या अमदानींत, १७२० मध्यें, विजयदुर्गावर जी मोहीम झाली तींत ‘फ्राम’ नांवाचा जाड भिंतींचा एक तरंगता तोफखाना मुद्दाम बांधून नेला होता. पण त्याचे झरोके इतके खालीं निघाले कीं तोफांचें तोंड पुरेसें उचलतां येईना. विजयदुर्ग त्या वेळीं अजिंक्यच राहिला.

त्यानंतर ३६ वर्षांनीं पारडें फिरलें. १७५६ च्या फेब्रुवारींत ॲडमिरल वॉटसनचीं जंगी जहाजें विजयदुर्गासमोर उभीं राहिलीं, आणि जमिनीच्या बाजूनें खुद्द पेशव्यांची फौज तुळाजी आंग्र्यांवर चालून आली होती. उघड्या पाण्यांत पिछाडी गांठण्यासाठीं बांधलेलें आरमार किल्ल्याच्या आश्रयास एकत्र जखडून ठेवलेलें होतें; त्याची सारी चपळाई तेथेंच संपली. इंग्रजांच्या उखळी तोफांतून उंच उडालेला एक बाँबगोळा एका जहाजावर पडला, आग लागली, आणि पाहतां पाहतां सारें आरमार जळून गेलें. किल्ल्यांत सांपडलेल्या तोफा दोनशेंहून कमी नव्हत्या. इंग्रजांचे मेलेले व जखमी मिळून मात्र वीसहि भरले नाहींत. आपल्या हातानें आपलें आरमार जाळविल्याचा दोष पेशव्यांवर ठेवितात, व तो अयथार्थ नाहीं. पण दोनशें तोफांच्या किल्ल्यास शत्रूची इतकी थोडी हानि करतां यावी, ही गोष्टहि विचार करण्यासारखी आहे.

कारण असें कीं, आमच्याकडे तोफा होत्या, पण तोफेची विद्या सलग वाढत नव्हती. शिवछत्रपतींच्या काळापासून चांगल्या तोफा टोपीकरांकडून विकत घेण्याचा प्रघात होता. प्रयत्न झालेच नाहींत असें नव्हे. माधवराव पेशव्यांच्या काळीं ओतूरजवळ आंबेगव्हाणास तोफगोळ्यांचा कारखाना होता, आणि महादजी शिंद्यांनीं आग्र्यास सँगस्टर नांवाच्या युरोपियनाच्या देखरेखीखालीं तोफा ओतविल्या. पण कारागिराचें ज्ञान त्याच्याबरोबर येई व त्याच्याबरोबर जाई. आमच्या शेजारच्या अडगांवीं २९ नोव्हेंबर १८०३ रोजीं भोसल्यांच्या तोफांनीं आरंभींच वेलस्लीच्या तीन पलटणी उधळून लावल्या होत्या. तेव्हां गोलंदाजांच्या अंगीं कसब नव्हतें असें कोण म्हणेल? तरी सायंकाळपर्यंत ३८ तोफा इंग्रजांच्या हातीं गेल्या. गेलेली तोफ पुन्हा घडविणारी, आणि मागच्या चुकीवरून पुढची सुधारणारी अखंड परंपरा मात्र आमच्याकडे नव्हती.

ती परंपरा म्हणजे काय, हें एका उदाहरणानें स्पष्ट होईल. नळींत मळसूत्री खाचा पाडल्यानें गोळा स्वतःभोंवतीं फिरत सरळ व दूर जातो, हें कळल्यावरहि इंग्रजी आरमार मोठ्या तोफा तोंडाकडूनच भरीत राहिलें. १८७९ च्या जानेवारींत मार्मारा समुद्रांत ‘थंडरर’ या युद्धनौकेवर अशी एक तोफ फुटून ११ माणसें ठार झालीं. दोन तोफा एकदम डागल्या असतां एक उडालीच नाहीं, तें गलक्यांत कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं, व तिच्यांत दुसरा बार भरला गेला, असा चौकशीचा निष्कर्ष निघाला. बुडाकडून उघडणाऱ्या तोफेंत असा प्रमाद होणें शक्य नव्हतें. मग फ्रेंचांची युक्ति मान्य झाली. बुडाच्या दट्ट्यावरील मळसूत्राचे आटे मधूनमधून कापून टाकावयाचे, म्हणजे दट्ट्या सरळ आंत जातो व थोड्याशा फेऱ्यानें घट्ट बसतो. वायु बाहेर फुटूं नये म्हणून पुढें दाबली जाणारी गादी. याच सुमारास धक्का जिरविण्याचें काम दोरांकडून काढून द्रवानें भरलेल्या नळकांड्यांकडे देण्यांत आलें.

हें स्थित्यंतर मुंबईच्या बंदरांतहि घडलें. १८७० मध्यें तयार झालेल्या ‘ॲबिसिनिया’ व ‘मॅगडाला’ या दोन चिलखती नौका मुंबईच्या रक्षणार्थ ठेविलेल्या होत्या. त्यांच्या फिरत्या बुरुजांत आरंभीं तोंडाकडून भरावयाच्या १० इंची तोफा होत्या. पुढें ‘मॅगडाला’वर बुडाकडून भरावयाच्या ८ इंची तोफा आल्या. आकार लहान झाला, बळ वाढलें.

अलिबागच्या कुलाबा किल्ल्याच्या उत्तर तटावर चाकांच्या गाड्यावर उभ्या असलेल्या दोन तोफा आजहि दिसतात. त्यांवर नांव आहे तें यॉर्कशायरमधील लो मूर येथील लोखंडाच्या कारखान्याचें. कान्होजींच्या राजधानींत सुस्थितींत उभी असलेली तोफ परदेशी कारखान्याची असावी, यांत सर्व इतिहास आला.

स्वातंत्र्यानंतर हा प्रश्न संपला नाहीं, त्यानें फक्त रूप पालटलें. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्रीं कराचीवर मारा करणाऱ्या आपल्या क्षेपणास्त्र-नौका सोव्हिएत रशियाकडून घेतलेल्या होत्या. पुढल्याच वर्षीं माझगांव गोदींत बांधलेली ‘नीलगिरी’ आपल्या नौदलांत दाखल झाली. तिचा आराखडा ब्रिटिश होता, पण हात आपल्या कारागिरांचे होते. शिकण्याची सुरवात अशीच होत असते. जलदुर्ग पाहावयास जाणाऱ्या आमच्या तरुणांनीं तोफेची लांबी अवश्य मोजावी. पण तिचा गाडा कोठें आहे, तो कोणीं घडविला, आणि मोडल्यावर दुरुस्त करणारा कोण होता, हेंहि विचारावें. राज्याचें बळ त्या उत्तरांत असतें.