अक्षरांची कुळे आणि हरपलेले ध्वनी

चिनी लिपी शिकू लागलेल्या आपल्याकडील माणसाला पहिला धक्का बसतो, तो तेथे बाराखडीच नाही हे कळल्यावर. एकेक अक्षर म्हणजे एक अर्थपूर्ण शब्द; ते पाहावे, गिरवावे आणि ध्यानी धरावे. परंतु थोड्याच दिवसांत त्याला उमगते की, ही अक्षरे सुटी नाहीत. त्यांचीही कुळे आहेत.

‘छिंग’ हे अक्षर घ्या. त्याचा अर्थ हिरवा-निळा रंग. त्याच्या डाव्या अंगास पाण्याचे चिन्ह जोडले की होते ‘नितळ’. सूर्याचे जोडले की ‘निरभ्र’. हृदयाचे जोडले की ‘भावना’. वाणीचे जोडले की ‘विनंती’. उच्चार सर्वांचा छिंगच. भेद असलाच तर सुराच्या चढउताराचा. एक अंग अर्थाची दिशा दाखविते, दुसरे ध्वनीची. बहुसंख्य चिनी अक्षरांची घडण हीच. इ. स. १०० मध्ये श्यू शन ह्या पंडिताने आपल्या कोशात ९,३५३ अक्षरे ५४० शीर्षचिन्हांखाली लावली, ती ही घडण उकलून दाखविण्यासाठीच.

मात्र हा वाटाड्या पुष्कळदा चकवितो. ‘कुंग’ म्हणजे काम. त्याला पाण्याचे चिन्ह जोडून ‘नदी’ हे अक्षर झाले. पण प्रमाण भाषेत ते ‘च्यांग’ असे उच्चारतात. कॅन्टनच्या बोलीत त्याच नदीचा आरंभ अजूनही ‘क’ने होतो. अक्षर जागीच राहिले, जीभ पुढे गेली! प्राचीन काव्यातील यमके जुळेनाशी झाली, तेव्हा टीकाकार उच्चार त्या जागेपुरता वाकवून घेत. तुआन यू-त्साय (१७३५–१८१५) ह्याने त्यातील मर्म ओळखले : ज्यांचे ध्वनि-अंग एक, ती अक्षरे प्राचीन काळी यमकाच्या एकाच वर्गातील होती.

वर्णमाला नसता उच्चार लिहावा कसा? दोन अक्षरांनी. ‘तुंग’ म्हणजे पूर्व. तो सांगावयाचा तर ‘ते’चा आरंभ घ्यावयाचा आणि ‘हुंग’चा शेष. पुढे बौद्ध भिक्षूंच्या संस्कृत अध्ययनाची त्यात भर पडून आरंभीच्या व्यंजनांचे ओठ, जीभ, दात, दाढ आणि कंठ असे वर्ग पाडण्यात आले. आपल्या कंठ्य-तालव्यांचे हे दूरचे आप्त पाहून कौतुक वाटते. छत्तीस व्यंजनांची ती मालिका परंपरा शौ-वन नामक भिक्षूच्या नावे सांगते.

नवल असे की, ह्या जुन्या ध्वनींचा जाणता अभ्यासक छ्येन श्युआन-थुंग ह्यानेच १९१८ मध्ये ‘नवयुवक’ मासिकातून ही लिपी टाकून देण्याची मागणी केली. निरक्षर जनतेचे ओझे त्याला वारशाहून जड वाटले असावे. पुढे तोच अक्षरे सोपी करण्याच्या खटपटीस लागला. १९३५ मध्ये सरकारने ३२४ सुलभ अक्षरे जाहीर केली आणि पुढच्याच वर्षी मागे घेतली.

१९५६ मध्ये सुलभीकरणाची योजना पुन्हा आली, १९५८ मध्ये उच्चारासाठी रोमन वर्ण आले. ‘रांग’ म्हणजे ‘करू देणे’. त्यातील किचकट ‘श्यांग’ काढून तीन रेघांचा ‘शांग’ बसविला आणि ते अक्षर एका कुळातून दुसऱ्या कुळात दत्तक गेले. नदीच्या अक्षराला मात्र कोणी हात लावला नाही. ‘च्यांग’ म्हणणारे मूल आजही पाण्याच्या चिन्हाशेजारी ‘कुंग’च लिहिते.