पडवीवरचे दोन थर

गेल्या उन्हाळ्यात गावच्या घराची पडवी उतरवली. वासे वाकले होते. वरचे नळे काढले, तर खाली नळ्यांचा आणखी एक थर निघाला. गळती लागल्यावर जुने न काढताच वर नवे चढवलेले. त्या भारानेच वासे वाकले.

कोकणात मृगाआधी दरवर्षी शाकारणी होई. फुटके नळे बदलायचे, खालची ओळ उताणी, वरची पालथी. चुना नाही, खिळा नाही. छप्पर टिके ते माणसांच्या वार्षिक हजेरीवर. १८६५ मध्ये बासेल मिशनच्या जॉर्ज प्लेब्स्ट यांनी मंगळूरला कौलांचा कारखाना काढला. खाचेत खाच बसणारे हे कौल एका थरातच पाणी अडवते. त्या धाटणीचे कौल आल्सासमधील जिलार्दोनी बंधूंनी १८४१ मध्येच केले होते. आमच्या माजघरावर मंगलोरी कौले आली. पडवी नळ्यांचीच राहिली.

तो दुहेरी थर मला आधी आजोबांचा आळस वाटला. मग उमगले, शाकारायला घरात हातच उरले नव्हते. मुले मुंबईला गेली होती. त्यांत माझे वडीलही.

भाऊ म्हणाला, "आता पत्रा घालू." मी नको म्हटले. पण मृगाआधी दरवर्षी गावी कोण जाणार, हे मलाही सांगता आले नाही.