पेनी-फार्दिंग

पेनी-फार्दिंग ही पुढचे चाक अतिशय मोठे व मागचे चाक लहान असलेली सायकल आहे. १८७० व १८८० च्या दशकांत ती युरोप व अमेरिकेत प्रचलित होती. पेनी हे मोठे आणि फार्दिंग हे लहान ब्रिटिश नाणे शेजारी ठेवल्यास जी आकृती दिसते, तशी ही सायकल बाजूने दिसते. त्यावरून हे नाव पडले. भरभराटीच्या काळात मात्र तिला ‘हाय-व्हील’ व पुढे ‘ऑर्डिनरी’ म्हणजे साधी सायकल म्हणत.

रचना

इंग्लंडमधील कोव्हेन्ट्री येथील जेम्स स्टार्ली यांची ‘एरियल’ (१८७०) ही या प्रकारातील आरंभीची महत्त्वाची सायकल होय. तिच्यात साखळी किंवा गिअर नसतो. पायडल थेट पुढच्या चाकाच्या आसाला जोडलेले असतात. त्यामुळे पायडलाच्या एका फेऱ्यात चाकाचाही एकच फेरा होतो आणि वेग वाढवायचा तर चाक मोठे करणे एवढाच उपाय उरतो. ५२ इंची (सुमारे १३२ सेंमी) चाक एका फेऱ्यात ४.१५ मीटर अंतर कापते. चाकाच्या आकाराला चालकाच्या पायांच्या लांबीची मर्यादा पडते. म्हणून ही सायकल अंगाच्या मापानेच निवडावी लागते. ताणलेल्या तारांच्या आऱ्यांमुळे एवढे मोठे चाकही हलके राहते. टायर भरीव रबराचे असतात.

चालवण्याची पद्धत

मागच्या चाकाच्या वर, सांगाड्यावर एक छोटी पायरी असते. तिच्यावर एक पाय ठेवून, दुसऱ्या पायाने जमिनीला रेटा देत सायकल चालती करावी लागते आणि मग उचलून सीटवर बसावे लागते. उतरताना हाच क्रम उलटा होतो. सीटवर बसल्यावर पाय जमिनीला टेकत नाहीत. त्यामुळे रहदारीत थांबण्याची वेळ येणार हे चालकाला आधीच हेरावे लागते.

चालकाचा भार पुढच्या आसाच्या जवळजवळ वरच येतो. चाक खड्ड्यात अडकले किंवा ब्रेक एकाएकी दाबला, तर चालक हँडलवरून पुढे तोंडघशी पडतो. उतारावरही पायडल फिरतच राहतात. म्हणून पूर्वीचे काही चालक पाय हँडलवर टाकत, म्हणजे पडलेच तर पायांवर पडता येई.

ऱ्हास

१८८५ मध्ये जॉन केम्प स्टार्ली यांनी ‘रोव्हर’ ही सारख्या आकाराच्या चाकांची, साखळीवर चालणारी ‘सेफ्टी’ सायकल आणली. साखळी व दातेरी चक्रांमुळे लहान चाकानेही तेवढेच अंतर कापता येऊ लागले. १८८८ मध्ये डनलॉप यांनी हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतल्यावर प्रवासही सुखकर झाला आणि उंच चाकाची गरज संपली.

आजचे आकर्षण

छंद व खेळ म्हणून ही सायकल आजही चालवली जाते. टास्मानियातील इव्हनडेल येथे १९८३ पासून पेनी-फार्दिंगच्या राष्ट्रीय स्पर्धा भरू लागल्या. इंग्लंडमधील नट्सफर्ड येथील शर्यत १९८० मध्ये सुरू झाली व पुढे दर दहा वर्षांनी होत गेली. २०१८ मध्ये मार्क बोमाँट यांनी लंडनच्या हर्न हिल धावपट्टीवर एका तासात २१.९२ मैल (सुमारे ३५ किमी) अंतर कापून ब्रिटिश विक्रम केला. उंचावरून दिसणारा परिसर, पाय आणि चाक यांतील थेट नाते आणि तोल सांभाळण्याचे कसब हे तिचे आकर्षण आहे; जोखीम मात्र पूर्वीइतकीच आहे.

भारताशी संबंध

थॉमस स्टीव्हन्स यांनी १८८४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून ५० इंची ‘कोलंबिया’ सायकलवर जगप्रवास सुरू केला. १८८६ मध्ये त्यांनी ग्रँड ट्रंक मार्गाने लाहोरहून कोलकात्यापर्यंत प्रवास केला व त्याच वर्षी डिसेंबरमध्ये योकोहामा येथे प्रवास पूर्ण केला. महाराष्ट्रात सायकलींचे शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पुण्यात, कर्वेनगर येथे विक्रम पेंडसे यांनी जुन्या सायकलींचे संग्रहालय उभारले आहे.