साठी, बुद्धी आणि विषाणू

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपण इतक्या सहजपणे वापरतो की तिच्यात एक निदान दडले आहे, हे लक्षातच येत नाही. वय झाले की बुद्धी जायचीच, त्यात रोग कसला आणि उपाय कसला, असे ते निदान. मिसिसागा परिसरात १९७० च्या दशकात आलेली आपली मंडळी आता पंचाहत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. चाळीस वर्षे इंग्रजीत कचेरी गाजवलेले गृहस्थ हळूहळू फक्त मराठीतच बोलू लागतात, तोच प्रश्न पाच-पाच वेळा विचारतात, आणि घरचे लोक ‘वयोमानाप्रमाणे’ म्हणून विषय बदलतात. म्हातारपणातल्या स्मृतिभ्रंशामागे एखाद्या विषाणूचा हात असेल का, ही शंका शास्त्रज्ञांना केव्हा आली आणि ती आज कुठवर पोहोचली आहे, याचा हा थोडक्यात इतिहास. त्यातले एक महत्त्वाचे पान आपल्या ऑन्टारिओतच लिहिले गेले आहे.

जंतूमुळे बुद्धी जाते, ही कल्पना वाटते तितकी विचित्र नाही. एकोणिसाव्या शतकात युरोपातील वेड्यांच्या इस्पितळांत एका विशिष्ट आजाराचे रुग्ण मोठ्या संख्येने असत. चाळिशी-पन्नाशीतला कर्तासवरता माणूस आधी बढाया मारू लागे, मग हिशेब विसरे, मग माणसे विसरे आणि काही वर्षांत अंथरुणाला खिळून मरे. कोणी आनुवंशिकतेला दोष देई, कोणी दारूला, कोणी मनावरच्या ताणाला. १९१३ मध्ये हिदेयो नोगुची आणि जे. डब्ल्यू. मूर यांनी अशा रुग्णांच्या मेंदूत उपदंशाचे, म्हणजे गरमीचे, जंतू दाखवून दिले. तरुणपणी झालेला संसर्ग दहा-वीस वर्षांनी मेंदूत उगवत होता! व्हिएन्नाच्या वाग्नर-याउरेग यांनी १९१७ मध्ये या रुग्णांना मुद्दाम हिवतापाची लागण करून तापाने उपचार केले आणि १९२७ चे नोबेल पारितोषिक मिळवले. पुढे पेनिसिलिन आले आणि हा आजार इस्पितळांतून जवळजवळ नाहीसा झाला. ‘वेड’ म्हणून कोंडून ठेवलेला आजार औषधाने टाळता येतो, हे जगाने पाहिले.

गंमत अशी की, डॉ. अलॉइस अल्झायमर हे याच उपदंशाने पोखरलेल्या मेंदूंचे जाणकार होते. १९०४ मधील त्यांचा मोठा प्रबंध याच विषयावर होता. १९०१ मध्ये फ्रँकफर्टच्या इस्पितळात ऑगुस्टे नावाची ५१ वर्षांची बाई त्यांच्या तपासणीत आली. ती १९०६ मध्ये वारल्यावर त्यांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा काही वेगळेच दिसले : पेशींच्या बाहेर साठलेली पुटे आणि पेशींच्या आत तंतूंचा गुंता. १९१० मध्ये क्रेपेलिन यांनी या आजाराला अल्झायमरचे नाव दिले, पण साठीच्या आतल्या लोकांचा एक दुर्मिळ रोग म्हणून. त्यापुढच्या वयाचे विस्मरण म्हणजे नुसते म्हातारपण, असेच पाश्चात्त्य वैद्यकही सुमारे साठ वर्षे मानत राहिले. म्हणजे ‘साठी बुद्धी नाठी’ त्यांच्याही पाठ्यपुस्तकात होती! १९७६ मध्ये अमेरिकेतील डॉ. रॉबर्ट कॅट्झमन यांनी हे दोन्ही एकच आजार असल्याचे ठासून मांडले, आणि १९७८ मध्ये अल्झायमर सोसायटी ऑफ कॅनडा स्थापन झाली.

दरम्यान विषाणूंची एक खोड कळून चुकली होती : काही विषाणू मज्जातंतूंची वाट धरतात आणि वेळही भरपूर घेतात. मुंबईकरांना १९७१ ची डोळे येण्याची साथ आठवत असेल. तिला लोक ‘जय बांगला’ म्हणत. डोळे बरे होत, पण काही रुग्णांचे पाय नंतर पोलिओसारखे लुळे पडले. मुंबईचे मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. नोशीर वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हे प्रथम जगापुढे आणले. गोवराची गोष्ट तर अधिक भयंकर. लहानपणी गोवर होऊन गेलेल्या एखाद्या मुलाचे काही वर्षांनी अभ्यासातले लक्ष उडते, शिकलेले विसरते, अंगाला झटके येऊ लागतात. गोवराचा विषाणू त्याच्या मेंदूत दडून राहिलेला असतो. हे क्वचित घडते, पण भारतातील डॉक्टरांना हा आजार चांगला परिचयाचा आहे, आणि गोवराची लस तो टाळते. विषाणूमुळे वर्षांनंतर बुद्धिभ्रंश होऊ शकतो, याला यापेक्षा ठळक पुरावा नको.

मग म्हातारपणीच्या स्मृतिभ्रंशाचे काय? १९८२ मध्ये डॉ. मेल्व्हिन बॉल यांनी हा प्रश्न नेमका विचारला. ते ४०१ महामार्गावर मिसिसागापासून दोनेक तासांच्या अंतरावर असलेल्या लंडन शहरात, वेस्टर्न ऑन्टारिओ विद्यापीठात काम करत. त्यांचा तर्क असा. तापात ओठाच्या कडेला फोड आणणारा हर्पिसचा विषाणू बहुतेकांच्या शरीरात लहानपणीच शिरतो आणि कवटीच्या तळाशी असलेल्या चेहऱ्याच्या मज्जातंतूंच्या गाठीत जन्मभर झोपून राहतो. हाच विषाणू क्वचित मेंदूला तीव्र सूज आणतो, तेव्हा नेमका स्मरणशक्तीचा भाग उद्ध्वस्त करतो. आणि अल्झायमरची सुरुवातही त्याच भागात होते. म्हातारपणी प्रतिकारशक्ती मंदावल्यावर हा झोपलेला पाहुणा उठून ओठाऐवजी आतली वाट धरत असेल का?

तर्क सुंदर होता, पुरावा तोकडा. इंग्लंडमध्ये मँचेस्टर येथे रूथ इत्झाकी यांच्या गटाने १९९१ मध्ये वृद्धांच्या मेंदूत या विषाणूची जनुकीय खूण शोधून काढली. पण ती अल्झायमर नसलेल्यांच्या मेंदूतही सापडली! चोर घरात आहे, म्हणून चोरी त्यानेच केली असे होत नाही. १९९७ मध्ये याच गटाने पुढची कडी जोडली : एपीओई-४ हा जनुकाचा प्रकार आणि मेंदूत हर्पिसचा विषाणू, या दोन गोष्टी एकत्र आल्या तर धोका वाढलेला दिसला. तरीही बहुतेक संशोधक मेंदूतल्या ॲमिलॉइड नावाच्या प्रथिनाच्या पुटांमागेच लागलेले होते. २०१० मध्ये हार्वर्डच्या रॉबर्ट मॉयर आणि रुडॉल्फ टॅन्झी यांनी दाखवले की हे प्रथिन स्वतःच जंतूंना मारू शकते. कदाचित ती पुटे म्हणजे जंतूंविरुद्ध बांधलेली तटबंदी असावी, आणि तटबंदी वाढता वाढता किल्ल्याचाच श्वास कोंडत असावा.

यानंतर गोष्ट आपल्या ओळखीच्या आजारावर येते : नागीण. नागिणीचे तोंड आणि शेपूट जुळले की माणूस दगावतो, अशी आपल्याकडची जुनी समजूत. त्यासाठी मांत्रिक व्हायचे, लेप व्हायचे. खरे तर लहानपणीच्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूंत दडी मारतो आणि उतारवयात नागीण होऊन उठतो. तो हर्पिसचाच चुलतभाऊ. ब्रिटनमधील वेल्समध्ये १ सप्टेंबर २०१३ पासून नागिणीची लस देताना वयाची रेषा आखली गेली : २ सप्टेंबर १९३३ रोजी किंवा नंतर जन्मलेल्यांना लस, आधी जन्मलेल्यांना कधीच नाही. एका आठवड्याच्या अंतराने जन्मलेल्या दोन माणसांत दुसरा फरक काय असणार? त्यामुळे निसर्गानेच प्रयोग मांडून दिल्यासारखे झाले. एप्रिल २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार लस घेतलेल्यांमध्ये सात वर्षांत स्मृतिभ्रंशाचे नवे निदान सुमारे एक पंचमांशाने कमी झाले. ऑन्टारिओत ६५ ते ७० वयाच्या रहिवाशांना ही लस सप्टेंबर २०१६ पासून मोफत मिळू लागली. इथल्या जन्मतारखा धरून केलेल्या तशाच तुलनेतही कल तोच दिसला.

म्हणजे निकाल लागला का? नाही. लस नेमके काय करते हे ठरलेले नाही. नागिणीला रोखते म्हणून फायदा होतो, की प्रतिकारशक्तीला एकंदर जाग आणते म्हणून, यावर वाद आहे. आणि २०२५ मध्येच एक थंड पाण्याची चूळही मिळाली. कोलंबिया विद्यापीठाचे डॉ. दावणगेरे देवानंद यांनी सौम्य अल्झायमर असलेल्या १२० रुग्णांवर हर्पिसविरोधी औषधाची दीड वर्ष चाचणी घेतली. गुण आला नाही. उलट औषध घेणाऱ्यांची स्मरणशक्ती जरा अधिकच घसरली. घर जळून गेल्यावर आगपेटी लपवण्यासारखे हे असेल, किंवा मूळ तर्कच अपुरा असेल. विषाणू हे अनेक कारणांपैकी एक असावे, एवढेच आज म्हणता येते.

मंडळी, या सगळ्यातून आपण घरी काय न्यायचे? पहिली गोष्ट, ‘विषाणू’ हा शब्द ऐकून आजी-आजोबांचे ताट-भांडे वेगळे करू नका. विस्मरण झालेल्या माणसाला जवळ घेतल्याने स्मृतिभ्रंश लागत नाही. कुष्ठरोग आणि क्षय यांच्या रुग्णांवर आपल्या समाजाने घातलेला बहिष्कार आठवा. तीच कथा नव्याने सुरू व्हायला नको. दुसरी, नागिणीची लस त्या आजाराच्या वेदना टाळण्यासाठीच घेण्यासारखी आहे. स्मृतीला फायदा झाला तर तो वरकड. आपण पात्र आहोत का, हे फॅमिली डॉक्टरांना विचारा. भारतातून पाहुणे म्हणून आलेल्या आईवडिलांना ओहिपचे संरक्षण नसते, हेही ध्यानात असू द्या. तिसरी आणि सर्वांत मोलाची : विस्मरण दिसले की तपासणी करून घ्या. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, जी शाकाहारी घरांत पुष्कळ आढळते, थायरॉइडचे बिघाड आणि नैराश्य यांनीही विसर पडतो, आणि त्यांवर इलाज आहे.

शंभर वर्षांपूर्वी ज्याला नशीब म्हणत, त्यातल्या एका आजाराचा जंतू सापडला. पुढे गोवराच्या बाबतीत विषाणू सापडला. तिसऱ्याचा शोध अजून चालू आहे. तो कुठेही संपो, म्हातारपणातले विसरणे हा आजार आहे आणि आजाऱ्याला डॉक्टर लागतो, एवढे तर आजच ठरलेले आहे. तेव्हा ‘वयोमानाप्रमाणे’ हा शब्द उच्चारण्याआधी एकदा डॉक्टरांची वेळ घ्या.