सामाजिक कथा

सामाजिक कथा : एखादा प्रसंग, जागा, रीत किंवा कौशल्य स्वमग्न व्यक्तीला समजावे म्हणून खास तिच्यासाठी लिहिलेले छोटे, बहुधा सचित्र निवेदन. विशेष शाळांत व थेरपी केंद्रांत ‘सोशल स्टोरी’ हेच नाव रुळले आहे. अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील जेनिसन येथील शाळांत काम करणाऱ्या शिक्षिका कॅरोल ग्रे यांनी १९९०-९१ च्या सुमारास ही पद्धत घडवली. जॉय गॅरंड यांच्यासह १९९३ मध्ये लिहिलेल्या लेखातून ती अभ्यासकांपुढे आली.

रचना : कथा लिहिण्याआधी त्या व्यक्तीचे निरीक्षण करून तिला नेमके काय उमगत नाही ते शोधावे लागते. घाईत हीच पायरी गाळली जाते आणि मग कथेच्या नावाखाली सूचनांची यादी हाती येते. ग्रे यांच्या नियमांनुसार कथेला शीर्षक, सुरुवात, मध्य व शेवट असतो. निवेदन प्रथम किंवा तृतीय पुरुषी असते. ‘तू असे कर’ हा सूर वर्ज्य. वाक्ये मुख्यतः दोन प्रकारची : काय घडते व इतरांना काय वाटते हे सांगणारी वर्णनपर वाक्ये आणि काय करता येईल हे सुचवणारी मार्गदर्शक वाक्ये. पहिली दुसऱ्यांच्या किमान दुप्पट हवीत. मार्गदर्शक वाक्य एकही नसले तरी चालते. ‘नेहमी’ऐवजी ‘बहुधा’, ‘कधीकधी’ असे शब्द योजतात, कारण शब्दशः अर्थ घेणाऱ्या मुलाला एकदाही वेगळे घडले तर कथा खोटी वाटते. नमुना :

‘आमच्या घरी कुकरमध्ये भात शिजतो. वाफ साठली की शिट्टी होते. शिट्टीचा आवाज मोठा असतो. काही जणांना तो आवडत नाही. आई शिट्ट्या मोजते, कारण त्यावरून तिला भात झाल्याचे कळते. शिट्टी झाली की मी कान झाकू शकतो किंवा गॅलरीत जाऊ शकतो.’

यात ‘रडू नये’ असे कुठेही म्हटलेले नाही, हे महत्त्वाचे. एकूण कथांपैकी निम्म्या तरी त्या व्यक्तीला आधीच चांगल्या जमणाऱ्या गोष्टींचे कौतुक करणाऱ्या असाव्यात, असाही ग्रे यांचा आग्रह आहे. व्यवहारात तो क्वचितच पाळला जातो.

मराठीत प्रथमपुरुषी क्रियापदालाही लिंग असल्याने ‘मी थांबतो’ असा छापील संच मुलींसाठी बदलून घ्यावा लागतो. बोधकथेची सवय हा दुसरा अडथळा : शेवटी तात्पर्य सांगण्याचा मोह लेखकाला आवरावा लागतो.

वैचारिक आधार : दुसऱ्याच्या मनात काय चालले असेल याचा अंदाज बांधणे स्वमग्न मुलांना अवघड जाते, असे सायमन बॅरन-कोहेन, ॲलन लेस्ली व उटा फ्रिथ यांनी १९८५ मध्ये मांडले. सामाजिक कथांची सांगड बहुधा याच विचाराशी घातली जाते. ही अडचण दुतर्फा असते, इतरांनाही स्वमग्न व्यक्ती कळत नाही, असे डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये प्रतिपादले. कथा कोणाच्या सोयीसाठी लिहिली जाते, हा आक्षेप काही स्वमग्न व्यक्तीही घेतात.

परिणामकारकता : निष्कर्ष संमिश्र आहेत. सुरुवातीचे बरेच अभ्यास मोजक्या मुलांवरचे होते. कोकिना व कर्न यांच्या २०१० च्या आढाव्यात एकूण परिणाम कमी ते शंकास्पद ठरला. नवी कौशल्ये शिकवण्यापेक्षा नको असलेले वर्तन कमी करण्यात कथा अधिक उपयोगी दिसल्या. इंग्लंडमध्ये ८७ शाळांतील २४९ मुलांच्या यादृच्छिक चाचणीत सामाजिक प्रतिसादाच्या मापनात लक्षणीय फरक आढळला नाही. मात्र प्रत्येक मुलासाठी ठरवलेले वैयक्तिक उद्दिष्ट कथा मिळालेल्या गटात अधिक वेळा साधले गेले. ज्या साधनाचा हेतूच एकेका प्रसंगापुरता असतो, त्याला सर्वसाधारण मापनपट्टी कितपत लागू पडते, हा प्रश्न उरतो.

भारत : ज्यांच्यासाठी या कथा लिहिल्या जातात त्या स्वमग्न व्यक्तींचा समावेश २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात आहे.

संबंधित पद्धती : रेखाकृती माणसे व बोलण्या-विचारांचे फुगे काढून घडलेला संवाद उलगडणारी ‘कॉमिक स्ट्रिप संभाषणे’ ही ग्रे यांचीच, १९९४ मधील.