रापणीकडून यांत्रिक नौकांकडे : कारवार किनाऱ्यावरील मच्छीमारांतील आर्थिक विषमता

उळवी हे जोयडा तालुक्याच्या अरण्यप्रदेशातील गाव. याच तालुक्यात उगम पावणारी काळी नदी कारवारजवळ समुद्रास मिळते. तेथील खारवी, हरिकंत्र, गाबीत व दालदी मुसलमान हे परंपरागत मच्छीमार होत. बाहेरून एकजिनसी भासणाऱ्या या समाजांतील विषमता कशी वाढली, हे पाहणे उद्बोधक ठरते.

पूर्वी बांगडा व तारली मुख्यतः रापणीने धरली जाई. किनाऱ्याजवळ जाळ्याचा वेढा घालून दोन्ही टोकांचे दोर शेकडो हातांनी वाळूवरून ओढले जात. रापणीत संपूर्ण समता नव्हती. जाळे व होडी यांचे वाटे निराळे निघत. परंतु दोर ओढणारा कितीही गरीब असो, त्याचाही वाटा ठरलेला असे.

1952 च्या भारत-नॉर्वे करारानंतर आजच्या केरळात यांत्रिकीकरणास चालना मिळाली. 1970 च्या दशकाच्या मध्यास कर्नाटकात पर्ससीन जाळी आली. माशांचे थवे किनाऱ्यास लागण्यापूर्वीच पकडले जाऊ लागले व रापणी ओस पडल्या. नौकेसाठी भांडवल व तारण लागे. ज्यांच्यापाशी ते होते ते मालक झाले. पुष्कळसे इतर खलाशी झाले. मासळी बंदरावरील लिलावात जाऊ लागल्याने टोपलीतून विक्री करणाऱ्या स्त्रियांना व्यापाऱ्यांशी स्पर्धा करावी लागली.

कर्नाटकाच्या 1986 च्या सागरी मासेमारी नियमन कायद्याने समुद्राच्या वाटणीची तरतूद केली. मिळकतीच्या वाटणीची नव्हे. म्हणून मालक व खलाशी यांना ‘मच्छीमार’ या एकाच सदरात मोजणारी योजना दुर्बलांपर्यंत पोहोचेलच, असे मानता येत नाही.