औषधवितरणातील चुका
डॉक्टरांच्या चिठ्ठीपेक्षा वेगळे औषध, मात्रा किंवा सूचना औषधालयातून रुग्णास मिळणे, यास औषधवितरणातील चूक म्हणतात. दुर्बोध हस्ताक्षर, औषधांची सारखी नावे व वेष्टने, दवाखान्यातील गर्दी आणि कामातील व्यत्यय ही तिची प्रमुख कारणे होत. संधिवाताच्या काही प्रकारांत मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. ते चुकून रोज घेतले गेल्यास अस्थिमज्जेचे कार्य मंदावून मृत्यूही ओढवू शकतो. म्हणून पाकिटावर औषध घेण्याचा वार लिहिणे आवश्यक ठरते. सारख्या नावांची औषधे दूर ठेवणे, दुसऱ्या व्यक्तीकडून पडताळणी करणे आणि रुग्णाकडून सूचना वदवून घेणे, हे अन्य उपाय होत. भारतीय वैद्यक परिषदेने २०१६ मध्ये औषधांची मूळ (जेनेरिक) नावे सुवाच्य अक्षरांत लिहिण्याचा नियम केला.